हिमदंश : पहिल्या दिवशी घाई, पुढे तीन महिने धीर

दर हिवाळ्यात एकदा तरी वृत्तपत्रांत ते छायाचित्र झळकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवताच्या पात्यांवर गोठलेले दवबिंदू, आणि खाली 'महाबळेश्वरात हिमकण' असा मथळा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की सुमारे ४० किलोमीटरवर हे ठिकाण येते. घाटाच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात मात्र थंडीचा अर्थ पहाटेची शेकोटी आणि अंगावरची गोधडी एवढाच. वेण्णा तलावाचे हिमकण पाहायला गेलेल्या पर्यटकाचे बोट त्या थंडीने गळून पडत नाही. त्यामुळे हिमदंश हा विषय महाड-पोलादपूरचा नव्हेच, असे कोणासही वाटेल.

तसे ते नाही. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. घरोघरी सैनिक असल्यामुळे 'फौजी' हे विशेषण त्याच्या नावालाच चिकटले. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. या दोन्ही तालुक्यांतून लष्करात जाण्याची परंपरा जुनी असून मराठा लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंट यांसारख्या पलटणींतून येथील तरुण देशाच्या उत्तर सीमेवर पोहोचतात. ज्याने जन्मात कधी बर्फ पाहिला नाही असा कोकणातला मुलगा विशीत लडाखच्या चौकीवर उभा राहतो. लष्करात न गेलेला त्याचा मित्र सह्याद्रीतले गड पालथे घालून झाले की हिमालयातील एखाद्या शिखराची मोहीम आखतो. आणि ज्याने गावच सोडले नाही असा तिसरा जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. तेथील हिमदंशाचा प्रकार निराळा असला तरी इजा तीच. त्याकडे पुढे येऊ.

गोठण्यापेक्षा वितळणे घातक

हिमदंश म्हणजे नुसती कडाक्याची थंडी वाजणे नव्हे. त्वचा आणि तिच्याखालील पेशीसमूह प्रत्यक्ष गोठणे म्हणजे हिमदंश. शरीरातील द्रवांत क्षार असल्यामुळे ते शून्याच्या किंचित खाली, साधारण उणे अर्ध्या अंशाला गोठू लागतात. त्याआधीच शरीर आपला बचाव सुरू करते. हृदय, मेंदू यांची ऊब टिकावी म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. राजाला वाचवण्यासाठी सीमेवरच्या चौक्या सोडून द्याव्यात, तसा हा प्रकार. म्हणून बोटे, नाक, कान आणि गाल हे पहिले बळी ठरतात. सियाचीनसारख्या ठिकाणी पारा उणे ४० अंशांच्याही खाली उतरतो, वारा सुटलेला असतो आणि हवेत प्राणवायू विरळ असतो. तेथे ओला मोजा, घट्ट बूट किंवा बंदुकीच्या धातूला लागलेला उघडा हात एवढे कारणही पुरते. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाल्यापासून त्या हिमनदीवर शत्रूच्या गोळीपेक्षा निसर्गानेच अधिक जवान गमावले.

गोठताना पेशींच्या बाहेर बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशीतील पाणी ओढून घेतात आणि पेशी सुकतात. इजेचा हा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा अवयवाला पुन्हा ऊब मिळाल्यानंतर सुरू होतो, आणि वैद्यकशास्त्राचे लक्ष आज मुख्यतः त्यावर आहे. रक्त पुन्हा वाहू लागते, पण रक्तवाहिन्यांचे अस्तर फाटलेले असते. त्यावर रक्ताच्या गुठळ्या जमतात, सूज येते, दाह निर्माण करणारी द्रव्ये सुटतात आणि नुकताच सुरू झालेला प्रवाह काही तासांत पुन्हा बंद पडतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी संशोधकांनी हिमदंशाच्या फोडांतील पाणी तपासले, तेव्हा भाजलेल्या जखमेतील दाहक द्रव्ये त्यातही सापडली. थंडीने आणि आगीने होणाऱ्या इजा आतून बऱ्याच सारख्या असतात, हे त्यातून दिसले.

गोठलेला भाग पांढरा किंवा मेणासारखा पिवळट, टणक आणि बधिर असतो. दुखत नाही, हीच त्याची फसवणूक. दुखायचे थांबले म्हणून 'बरे वाटले' समजणारा माणूस त्याच क्षणी सर्वाधिक संकटात असतो.

बर्फ चोळण्याचा दीडशे वर्षांचा प्रमाद

१८१२ साली नेपोलियनची सेना रशियातून माघारी फिरली, तेव्हा तिच्यासोबत दॉमिनिक लारे हा नामवंत शल्यचिकित्सक होता. गोठलेले हातपाय सैनिक शेकोटीत धरत, बधिर कातडी भाजून निघे, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालताना तोच भाग पुन्हा गोठे, असे त्याने पाहिले. आगीचा शेक घातक, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. मात्र उपाय म्हणून त्याने बर्फाने चोळून अवयव हळूहळू पूर्ववत करण्याचा सल्ला दिला आणि तो जवळजवळ दीडशे वर्षे जगभर पाळला गेला. चोळल्याने आतील स्फटिक पेशी फाडतात आणि कातडी सोलली जाते. १९६०च्या सुमारास अलास्कातील डॉक्टर विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात जलद ऊब देण्याची पद्धत रुग्णांवर वापरून तिचा पुरस्कार केला, तेव्हा जुनी पद्धत मागे पडली. जनमानसातून ती पुरती गेलेली नाही. आपल्याकडे तर कोणताही अवयव बधिर झाला की तेल लावून चोळायचे, हा घरोघरीचा पहिला उपचार. हिमदंशात तो करू नये.

रुग्णालयात काय होते

रुग्ण दाखल झाल्यावर डॉक्टर आधी बोटांकडे पाहत नाहीत, याचे नातेवाइकांना आश्चर्य वाटते. त्याच्या संपूर्ण शरीराचे तापमान घसरले आहे का, उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साठले आहे का, कोठे हाड मोडले आहे का, हे आधी पाहावे लागते. जीव वाचला तर बोटांचा विचार.

त्यानंतर गोठलेला भाग ३७ ते ३९ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवला जातो. पाण्यात सौम्य जंतुनाशक घालतात आणि ते सतत ढवळत ठेवतात. तापमान हाताने अजमावत नाहीत, तापमापकाने मोजतात, कारण रुग्णाला भाजले तरी कळणार नाही. साधारण १५ ते ३० मिनिटांत त्वचा लालसर-जांभळी आणि मऊ पडते. या अर्ध्या तासातील वेदना भयंकर असतात आणि त्यासाठी तीव्र वेदनाशामके द्यावी लागतात. रुग्ण ओरडू लागला म्हणजे उपचार चुकला असे नव्हे. संवेदना परत येत असल्याचे ते लक्षण आहे.

एक अट मात्र कठोर आहे. ऊब दिलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर त्याला ऊब देऊ नये. वितळून पुन्हा गोठलेल्या अवयवाची हानी कितीतरी जास्त होते. हिमवादळामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नसेल, तर गोठलेल्या पायांनी चालत तळावर येणे परवडते. वाटेत पाय शेकून घेऊन पुन्हा बर्फात उतरणे परवडत नाही.

मग फोड येतात. पाण्यासारखे स्वच्छ फोड वरवरच्या इजेचे, तर रक्ताने भरलेले काळपट फोड खोल इजेचे लक्षण. पहिले डॉक्टर आपल्या निर्णयाने रिते करतात, दुसरे बहुधा तसेच ठेवतात. बोटांच्या बेचक्यांत कापसाची जाळी ठेवून सैल, कोरडी पट्टी बांधतात आणि हातपाय उंचावर ठेवतात. धनुर्वाताची लस पाहिली जाते. दाह कमी करण्यासाठी आयब्युप्रोफेन देतात, आणि जखमेवर कोरफडीचा गर लावण्याची शिफारस पाश्चात्य वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. ज्या कोरफडीची कुंडी आपल्या खिडकीत असते, तीच. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील 'डिपास' या प्रयोगशाळेने कोरफडीवर आधारित 'अलोकल' हे मलम सीमेवरील जवानांसाठी विकसित केले. ते मुख्यतः प्रतिबंधासाठी वापरले जाते.

येथपर्यंतचे उपचार तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकतात. गंभीर हिमदंशाचे भवितव्य मात्र गेल्या दोन दशकांत रूढ झालेल्या दोन औषधांवर ठरते, आणि दोन्ही घड्याळाला बांधलेली आहेत.

पहिले औषध गुठळी विरघळवणारे, हृदयविकाराच्या झटक्यात वा पक्षाघातात देतात तेच. अमेरिकेतील युटा येथील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते न मिळालेल्या रुग्णांची ४१ टक्के बाधित बोटे काढावी लागली, तर ते मिळालेल्यांची १० टक्के. रुग्णसंख्या लहान होती, तरीही फरक दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हता. अवयव वितळल्यापासून २४ तासांच्या आत ते द्यावे लागते. डोक्याला मार असेल वा शरीरात कोठे रक्तस्राव असेल तर ते देता येत नाही, कारण मग बोटे वाचवताना जीव जायचा.

दुसरे औषध इलोप्रोस्ट. आकसलेल्या रक्तवाहिन्या खुल्या करणे आणि रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटू न देणे हे त्याचे काम. फ्रान्समधील शामोनी येथील डॉक्टर आणि गिर्यारोहक इमॅन्युएल कोशी यांनी ४७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुने औषध दिलेल्या गटात ६० टक्के रुग्णांचा अंगच्छेद करावा लागला, इलोप्रोस्टच्या गटात एकाचाही नाही. इलोप्रोस्टसोबत गुठळी विरघळवणारे औषधही दिलेल्या तिसऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. कोशी यांचा २०१८ मध्ये हिमप्रपाताखाली सापडून मृत्यू झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रौढांच्या गंभीर हिमदंशासाठी इलोप्रोस्टला मान्यता दिली. या आजारासाठी तेथे मंजूर झालेले हे पहिलेच औषध. रोज सहा तास याप्रमाणे जास्तीत जास्त आठ दिवस ते शिरेतून सोडतात. रक्तदाब उतरण्याची शक्यता असल्याने रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. तेही ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे.

महाडला ओळखीचा असलेला 'गारठा'

आकसलेल्या रक्तवाहिन्या औषधाने उघडून रुग्ण वाचवणे ही कल्पना महाडकरांना नवीन वाटू नये. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून अभ्यासले. दंशानंतर हातपाय गार पडणे, दरदरून घाम सुटणे, उलटी होणे ही पुढच्या हृदयसंकटाची आगाऊ सूचना असते, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. रक्तवाहिन्यांचा हा आकस सोडवणारे प्राझोसिन त्यांनी या रुग्णांना दिले आणि एरवी दगावणारी माणसे घरी चालत जाऊ लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश आणि हिमदंश यांची कारणे भिन्न, औषधेही भिन्न. पण पायाला हात लावून तो गार आहे हे पाहणे आणि वेळ न दवडणे, ही महाडच्या डॉक्टरांची जुनी सवय दोन्हीकडे उपयोगी पडणारी आहे.

ही सवय नेमकी कोणाच्या कामी येईल? जवानावरील उपचार लष्करी रुग्णालयांतच सुरू होतात. सुट्टीवर घरी येईपर्यंत त्याची पहिली लढाई संपलेली असते. हौशी गिर्यारोहकाचे तसे नाही. शिखराखाली बोटे बधिर झाली, तंबूत ऊब आली, फोड आले. 'घरी जाऊन दाखवू' म्हणत तो लेहहून विमानाने मुंबईत आणि तेथून रात्रीच्या गाडीने महाडला पोहोचतो. या प्रवासात दोन दिवस गेलेले असतात. अशा वेळी पुन्हा कोमट पाण्यात पाय बुडवून काही साधत नाही, कारण अवयव केव्हाच वितळलेला असतो. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारायचा पहिला प्रश्न 'ऊब कधी आली?' हा. उत्तर ७२ तासांच्या आतले असेल आणि फोड रक्ताचे असतील, तर मलमपट्टीत दिवस न घालवता प्लास्टिक सर्जरीचा विभाग असलेल्या मुंबईच्या केईएम वा जे. जे., पुण्याच्या ससून अशा मोठ्या रुग्णालयाशी तेव्हाच दूरध्वनीवर बोलावे. गिर्यारोहकाने तर महाडची गाडी न पकडता विमानतळावरूनच तेथे जावे. आपल्या गिर्यारोहण संस्था मोहिमेच्या सामानाची यादी मोठ्या निगुतीने करतात. परतीच्या वाटेवरील रुग्णालयाचे नाव त्या यादीत असावे, असे या प्रतिनिधीला वाटते.

कापण्याची घाई नको

पहिले तीन दिवस धावपळीचे, त्यापुढचा काळ वाट पाहण्याचा. घरच्यांना हा दुसरा भाग अधिक जड जातो. बोटे काळी पडतात, सुरकुततात, लाकडासारखी कडक होतात. 'विष वर चढेल, कापून टाका' असा आग्रह नातेवाईक धरतात. डॉक्टर मात्र हात लावत नाहीत. याचे कारण असे, की वरून काळ्या दिसणाऱ्या कातडीखाली बराच भाग जिवंत असू शकतो. जिवंत आणि मृत भागांतील सीमारेषा स्पष्ट व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. 'जानेवारीत हिमदंश, जुलैत शस्त्रक्रिया' अशा अर्थाचे एक वचन शल्यचिकित्सकांत प्रचलित आहे. किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेल्या बोन स्कॅनमधून रक्तपुरवठा कोठवर पोहोचतो याचा अंदाज पहिल्या आठवड्यात येतो खरा, पण तो अंदाज म्हणजे सुरी उचलण्याची परवानगी नव्हे.

अपवाद एकच महत्त्वाचा. कोरडा, काळा भाग थांबू शकतो, ओला नाही. दुर्गंधी, पू, ताप, वर सरकणारी लाली यांपैकी काही दिसले तर तो जंतुसंसर्ग आहे, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

या काळात तंबाखू पूर्ण बंद. बिडी, सिगारेट तर नकोच, पण गायछापचा विडा आणि मशेरीही नको. निकोटिनमुळे आधीच अर्धमेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आकसतात. इतकी औषधे करून मिळवलेले चिमूटभर रक्त एका विड्यापायी घालवायचे, याला काय म्हणावे?

गावात राहूनही हिमदंश

आता त्या तिसऱ्या तरुणाकडे. कारखान्यांत द्रवरूप वायू हाताळले जातात. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन उणे ४२ अंशांना, अमोनिया उणे ३३ अंशांना आणि नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. नळीतून उडालेला असा द्रव हातावर पडला तर क्षणार्धात कातडी गोठते. हातमोजा वा कपडा त्वचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये, कोमट पाण्याने सोडवावा. अमोनिया असेल तर तो थंडीबरोबर रासायनिक दाहही करतो, म्हणून भरपूर पाण्याने बराच वेळ धुणे सर्वांत आधी. डोळ्यात गेला असेल तर अधिकच. अशा कामगाराला 'भाजला आहे' म्हणून बर्फ लावणे म्हणजे इजेवर इजा.

घरगुती प्रकार आणखी साधा आहे. पाय मुरगळला की फ्रीजमधला बर्फ पिशवीत घालून तासभर बांधून ठेवायचा. मधुमेहाने ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना कातडी गोठल्याचे कळतही नाही. बर्फ नेहमी कापडात गुंडाळून आणि एका वेळी १५-२० मिनिटांहून अधिक नाही.

घरी परतल्यावर

बोट वाचले तरी ते पूर्वीचे राहत नाही. थंडी सहन न होणे, मुंग्या येणे, घाम फार येणे, सांधे आखडणे या तक्रारी वर्षानुवर्षे राहू शकतात. बधिर पाऊल कोकणात विशेष जोखमीचे. पावसाळ्यात भातखाचरात चिखलणीला अनवाणी उतरलेल्या माणसाला खडा रुतल्याचे कळणार नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर नवी, पातळ कातडी चटकन फाटेल. त्याच जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. म्हणून गमबूट घालावेत, ते रोज आतून कोरडे करावेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी पाऊल उजेडात धरून पाहावे. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कोणाला दाखवावे.

ज्यांचा अंगच्छेद झाला आहे अशा जवानांसाठी पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र कार्यरत आहे. पायाची पुढची बोटे गेलेल्या माणसाला कृत्रिम पाय लागेलच असे नाही. बुटात बसणारा भराव आणि योग्य तळवा मिळाला तर तो पुन्हा चालू शकतो. निवृत्तीनंतरच्या उपचारांसाठी एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना लागू आहे. सुट्टीवर येताना जवानाने लष्करी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, स्कॅनचे अहवाल आणि इजेच्या पहिल्या आठवड्यातील छायाचित्रे सोबत ठेवावीत. कारण महाडच्या डॉक्टरांसमोर येणारा पाय हा तीन महिन्यांनंतरचा असतो. पहिल्या दिवशी तो कसा होता, ऊब केव्हा आणि कशी दिली गेली, कोणते औषध किती दिवस चालले, हे त्या कागदांवाचून त्यांना समजण्याचा दुसरा मार्ग नाही.